ग्रॅन टुरिस्मो ७ ऑनलाइन : नीट चालवणाऱ्याचं इथं काही चालतं का?

ग्रॅन टुरिस्मो ७ हा प्लेस्टेशनवरचा गाड्यांच्या रेसिंगचा गेम. त्याचे ग्राफिक्स, गाड्या, कॅफेतली ती मेन्यू बुकं (म्हणजे गाड्या गोळा करायची कामं) यावर बक्कळ लोकांनी लिहून झालंय, गेम मार्च २०२२ चा आहे, आता त्यात नवीन काय सांगणार. मला फक्त स्पोर्ट मोडबद्दल लिहायचंय, म्हणजे अनोळखी लोकांसोबत ऑनलाइन रेस, आणि त्यातही एकच गोष्ट, की तिथं नियमात गाडी चालवणाऱ्या माणसाला खेळता येतं का. कारण आपल्या जळगाव-भुसावळकडच्या पोरांचा पहिला प्रश्न हाच असतो, ‘भो, घेऊ का? का नुसते ठोकणारेच भेटतात?’ उत्तर आधीच देऊन टाकतो, घ्या. पण सुरुवातीला डोकं थंड ठेवायची तयारी असेल तरच, नाहीतर कंट्रोलर भिंतीवर जाईल आणि तो काही स्वस्तात येत नाही.

सिस्टिम अशी आहे. प्रत्येकाला दोन रेटिंग. एक डीआर म्हणजे ड्रायव्हर रेटिंग, तुम्ही कितवे येता त्यावर, ई पासून ए प्लसपर्यंत. दुसरं एसआर, स्पोर्ट्समनशिप रेटिंग, गाडी किती स्वच्छ चालवता त्यावर, हे पण ई पासून वर जातं आणि ए च्याही वर एस असतं. रेसला नाव टाकलं की गेम साधारण तुमच्यासारख्याच डीआर-एसआरवाल्यांमध्ये तुम्हाला टाकतो. ही आयडिया २०१७ च्या ग्रॅन टुरिस्मो स्पोर्टपासूनची, त्या गेमचे सर्व्हर जानेवारी २०२४ अखेर बंद झाले पण सिस्टिम इकडे आली. ऑनलाइन रेसला जायच्या आधी सभ्यपणाने कसं चालवायचं याचे दोन छोटे व्हिडिओ बघावेच लागतात. बघतात सगळे, म्हणजे टीव्हीवर चालू ठेवतात आणि मोबाइल चाळतात, हे पहिल्याच टर्नला कळतं.

फुजी या जपानमधल्या ट्रॅकचा पहिला टर्न, म्हणजे पहिलं वळण घ्या. सरळ पट्टा जवळपास दीड किलोमीटर, जीआर ३ या वर्गातली रेसिंग गाडी तिथं अडीचशेच्या वर जाते, आणि पुढे एकदम उजवीकडे वळणारा हेअरपिन जिथं पार खालच्या गिअरला यावं लागतं. आता पहिल्या लॅपला पंधरा-सोळा गाड्या एकामागे एक चिकटून येतात, पुढच्याच्या स्लिपस्ट्रीममध्ये, म्हणजे त्याच्या मागे हवेचा अडथळा कमी असल्याने, वेग नेहमीपेक्षा जास्त झालेला असतो, आणि वरून पुढच्याने थोडा लवकर ब्रेक मारला की संपलं. नवीन पोरगा एकटा प्रॅक्टिस करताना ज्या पाटीला ब्रेक मारायचा त्याच पाटीला रेसमध्ये पण मारतो आणि समोरच्याच्या डिकीत घुसतो. त्याच्या मनात काही नसतं हो, त्याला माहितीच नसतं. दुसरा प्रकार मात्र ठरवून केलेला. आतली बाजू जरा मोकळी दिसली की हा ब्रेक मारतच नाही, बाहेरच्या गाडीच्या दरवाज्यावर आपली गाडी टेकवतो आणि तिच्या जोरावर वळतो, म्हणजे बाहेरचा गेला ट्रॅक सोडून आणि हा दोन जागा पुढे. याला डायव्ह बॉम्ब म्हणतात. जळगावच्या अजिंठा चौफुलीवर रिक्षावाला डावीकडून घुसून एकदम उजवीकडे कट मारतो आणि वर आपल्याकडेच बघतो ना, तसलाच प्रकार.

गंमत म्हणजे या दोघांमधला फरक मशीनला कळणं अवघड आहे. टक्कर झाली, कोणी किती जोरात धडकलं, कोण ट्रॅकच्या बाहेर गेलं, एवढं मोजता येतं, पण एकाने चुकून मारलं आणि दुसऱ्याने दात ओठ खाऊन मारलं हे आकड्यात कुठं दिसणार. म्हणून हिशोब साधा ठेवलेला असतो. ट्रॅकचा एकेक तुकडा धक्का न लागता पार पडला की एसआर हळूहळू वर, टक्कर झाली की खाली, आणि एसआर फारच घसरला की डीआरलाही फटका बसतो. मोठ्या धक्क्याला किंवा शॉर्टकट मारल्याला सेकंदांची पेनल्टी पडते. ट्रॅकवर पेनल्टीसाठी ठरलेली एक जागा असते, तिथं गाडी आपोआप स्लो होते, तेवढा वेळ ती घोस्ट होते म्हणजे मागचे तिच्या आरपार जातात, आणि शेवटपर्यंत भरली नाही तर फिनिशच्या टाइममध्ये जोडली जाते. हा भाग मला आवडतो. दंड लगेच समोर दिसतो आणि तो भरताना कोणाच्या मध्येही येत नाही.

पण लोक म्हणतात ना की मग ठोकणाऱ्याला भीती कसली, ते खरं आहे. रोजच्या रेसमध्ये गाडीच्या मोडतोडीचा फार त्रास ठेवलेला नसतो. दहा जागा कमावल्या आणि दोन-तीन सेकंद पेनल्टी भरली तरी त्याचा फायदाच. खऱ्या रेसमध्ये तसं ठोकलं तर गाडी जाईल, टीम मालक हाकलून देईल, हातपाय मोडेल. इथं सोफ्यावर बसून चहा पिताना कशाची भीती.

आणि ही भीती गेली की चांगले चांगले घसरतात, हे काही आपल्यासारख्या हौशी लोकांपुरतं नाही. २०२० मध्ये लॉकडाउनमुळे खऱ्या रेसा बंद होत्या तेव्हा अमेरिकेतल्या इंडीकार रेसिंगवाल्यांनी आयरेसिंग नावाच्या पीसीवरच्या गेमवर व्हर्च्युअल रेसा घेतल्या. मे महिन्यात इंडियानापोलिसच्या रेसला फॉर्म्युला वनचा लँडो नॉरिस पाहुणा म्हणून आला होता आणि शेवटच्या लॅपांमध्ये जिंकायच्या बेतात होता. सिमोन पाजनो, ज्याने वर्षभर आधीच इंडियानापोलिसचीच खरी मोठी रेस, इंडी ५००, जिंकलेली, त्याची रेस आधीच बिघडली होती, तो नॉरिसच्या समोर मुद्दाम स्लो झाला आणि नॉरिसची रेस तिथंच गेली. त्याच महिन्यात फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवरच्या गाड्यांच्या रेसिंगवाल्यांच्या ऑनलाइन स्पर्धेत त्यांचाच ड्रायव्हर डॅनियल आब्टने स्वतःच्या जागी दुसऱ्याच एका प्रोफेशनल सिम रेसरला बसवलं, पकडला गेला, दहा हजार युरो दंड भरला आणि ऑडीच्या टीममधली खरी सीटही घालवून बसला. तेव्हा नॉरिसला जो उडवला त्यावर कोणत्याही रेटिंग सिस्टिमकडे उत्तर नव्हतं आणि आब्टला जे भोगावं लागलं ते गेमने दिलेलं नव्हतं, माणसांनी चौकशी करून दिलं. मला या सगळ्या प्रकरणात हेच महत्त्वाचं वाटतं. एसआरचा आकडा माणसाला सुधारत नाही. तो फक्त लोकांची चाळणी करतो, ठोकणारे ठोकणाऱ्यांत आणि बाकीचे बाकीच्यांत. चाळणी म्हणून बघितलं तर काम बरंच चोख आहे.

कसं ते सांगतो. नवीन अकाउंटला सगळ्या तऱ्हेचे लोक भेटतात, लहान पोरं, दारू पिऊन बसलेले, मोठ्या भावाचं अकाउंट उचकटणारे. तिथं जिंकायच्या नादाला लागूच नका. आधी क्वालिफाइंगला, म्हणजे रेसआधीच्या एकट्याच्या टाइमिंगला, चांगला लॅप मारून ठेवा, कारण रोजच्या रेसमध्ये सुरुवातीच्या रांगेतली जागा त्या टाइमवर मिळते आणि पुढून सुरू केलं तर मागचा गोंधळ मागेच राहतो. पहिल्या टर्नला नेहमीपेक्षा बरंच लवकर ब्रेक, पण एकदम नाही, नाहीतर मागचा तुमच्यात घुसेल. मागून कोणी डायव्ह बॉम्ब मारायला येतोय असं स्क्रीनवरच्या रडारवर दिसलं की जाऊ द्या त्याला, तो स्वतःच बाहेर जातो आणि तुम्ही आतून निघून जाता, याच्यात वेगळंच सुख आहे. गवतातून परत ट्रॅकवर येताना मागे बघितल्याशिवाय येऊ नका. असं करत एसआर एस झाला की पब्लिकच बदलतं.

तिथं खरी मजा आहे. जपानच्याच सुझुका ट्रॅकच्या एस टर्नमध्ये, म्हणजे लागोपाठच्या डाव्या-उजव्या वळणांत, एका परदेशी माणसासोबत शेजारी शेजारी गाडी लावून तीन-चार वळणं गेलो, त्याचं पुढचं चाक माझ्या दरवाज्याला लागून, दोघांपैकी कोणीच वळणात दुसऱ्याची जागा खाल्ली नाही, एक वळण त्याला सोयीचं, पुढचं मला. हात घामाने ओले. नंतर एका टर्नला त्याच्या नाकाचा हलका धक्का लागला, माझी गाडी बाहेर गेली, म्हटलं गेली जागा. परत ट्रॅकवर येतो तर हा बाबा सरळ पट्ट्यावर एका कडेला गाडी स्लो करून थांबलेला, मला पुढे जाऊ दिलं आणि मगच परत मागे लागला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पेनल्टी पण पडली नव्हती. असले लोक एसआर एस मध्ये भेटतात. रोज नाही, पण भेटतात, आणि त्यांच्यासाठीच मी हा मोड चालू करतो.

एक नियम मात्र गेम नीट शिकवत नाही आणि सगळी भांडणं त्यावरच होतात, म्हणून इथं लिहितो. वळण तुमचं कधी आणि समोरच्याचं कधी? ढोबळ मानाने असं की वळायला सुरुवात होईपर्यंत आतल्याची गाडी पुरेशी शेजारी आलेली असेल तर बाहेरच्याने त्याला एक गाडी मावेल एवढी जागा सोडायची. नुसतं टायरचं टोक घुसवून ‘मी आत होतो’ म्हणायचं नाही. आणि पुढच्याने जागा राखताना एकदाच दिशा बदलायची, इकडे तिकडे झिगझॅग नाही, हे एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या खऱ्या नियमांतही आहे. शेजारी गाडी असताना तिला ढकलत ट्रॅकबाहेर काढणं पण तिथं चालत नाही. एवढं डोक्यात बसलं तरी निम्मी भांडणं मिटतील.

आता दुसऱ्या गेमशी तुलना, कारण कोणीतरी विचारणारच. पीसी असेल आणि खिसा खोल असेल तर आयरेसिंग. २००८ पासून चालू आहे, तिथं प्रत्येक जण स्वतःच्या खऱ्या नावाने खेळतो आणि माझ्या मते अर्धी स्वच्छता त्यानेच येते, खरं नाव पाटीवर असलं की माणूस विचार करतो. ट्रॅक सोडला तर एक इन्सिडेंट पॉइंट, गाडीचा ताबा गेला तर दोन, दुसऱ्याला जोरात ठोकलं तर चार, आणि हे चार दोघांनाही पडतात, चूक कोणाची ते बघतच नाहीत. ऐकायला अन्याय वाटतो. पण त्यांचं म्हणणं असं की तू पण टाळू शकला असतास, आणि खरोखर त्यामुळे लोक आधीच ब्रेक मारून वाट देतात. वरून मुद्दाम ठोकलं तर रिप्ले जोडून तक्रार करता येते आणि ती माणसं बघतात. प्रॉब्लेम पैशाचा. सबस्क्रिप्शन वेगळं, वर एकेक गाडी बारा डॉलरच्या आसपास, ट्रॅक पंधरापर्यंत. केळीचा भाव चांगला मिळालेल्या वर्षी घ्या.

असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने हा २०१९ चा इटालियन गेम, फक्त जीटी गाड्यांचा (म्हणजे स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेसिंग गाड्या), सेलमध्ये बऱ्यापैकी स्वस्त मिळतो. त्याच्या सेफ्टी रेटिंगमधली एक गोष्ट मला फार पटली. एकट्याने लांब लांब फिरून ती वाढत नाही, दुसऱ्या गाड्यांच्या जवळ राहून धक्का न लावता चालवलं तरच वाढते. हे खरं मोजमाप झालं ना! रिकाम्या रस्त्यावर कोणीही सभ्य असतो. सर्व्हरवाला किमान रेटिंग ठरवून देतो, त्याखालचे आत येऊच शकत नाहीत. ऑक्टोबर २०२३ च्या फोर्झा मोटरस्पोर्टमध्ये पण ई ते एस सेफ्टी रेटिंग आहे, एक्सबॉक्सवाल्यांनी ते बघावं, मी त्यावर जास्त खेळलेलो नाही म्हणून बोलत नाही.

आपल्या भागातला वेगळाच विषय म्हणजे नेट आणि लाइट. गेमचा बराचसा भाग नेटशिवाय चालतच नाही, लाँचनंतर मार्च २०२२ मध्ये एका अपडेटमुळे सर्व्हर दिवसभराहून जास्त बंद होते तेव्हा घरी एकटे खेळणारे पण अडकले होते. आपल्याकडे तर मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे, संध्याकाळी सगळ्या गल्लीचे कूलर-एसी एकदम चालू, लाइट एक सेकंद झपकी मारते आणि पीएस ५ बंद. चालू रेसमधून गेलात तर नुकसान तुमचंच. इन्व्हर्टरवर टाका, आणि राउटर पण इन्व्हर्टरवर टाका, हे बरेच जण विसरतात. वायफाय नको, लॅन केबल ओढा, मोबाइल हॉटस्पॉट तर अजिबात नको. कारण नेट अडखळलं की तुमच्या स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं पण समोरच्याच्या स्क्रीनवर तुमची गाडी उड्या मारत असते, तुम्हाला वाटतं एक फूट अंतर आहे आणि त्याच्याकडे तुम्ही त्याच्या अंगावर आहात. इतकं जपून चालवून तुम्ही त्याच्या लेखी ठोकणारेच. स्वच्छ ड्रायव्हिंग म्हणजे केबल पण, हे कोणी सांगत नाही.

आता ज्यासाठी मी हा गेम ठेवलाय ते. आमची एक स्वतःची लॉबी असते, म्हणजे फक्त ओळखीच्यांची खासगी ऑनलाइन रेस, शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर, धुळे, अमळनेर, चोपडा, भुसावळ इकडची मंडळी. सेटिंग आम्ही कडक ठेवतो. बूस्ट बंद, कारण बूस्टने मागच्याला फुकट वेग मिळतो. घोस्टिंग बंद, मेकॅनिकल डॅमेज हेवी. डॅमेज हेवी केल्याच्या रात्रीपासून ठोकाठोकी निम्म्यावर आली, कारण ठोकलं की स्वतःची गाडी लंगडत पिटपर्यंत, म्हणजे दुरुस्तीच्या जागेपर्यंत, न्यावी लागते. तरी पण भांडणं होतातच. अमळनेरचा एक गडी हेडसेटवर अहिराणीत सुरू होतो, ‘कसाले ठोकस रे भो, जागा दे ना जराशी’, तिकडून उत्तर, ‘मी नही ठोकं, तूच आंगवर उना’, आणि पुढची दहा मिनिटं रेस बाजूला.

त्यावर इलाज भुसावळच्या एका काकांनी काढला. रेल्वेत गार्ड होते, आता रिटायर. गेम खेळत नाहीत, पुतण्या खेळतो. वाद झाला की पुतण्या रिप्ले लावतो, वरच्या कॅमेऱ्यातून, आणि काका म्हणतात थांबव. मग बोट ठेवून सांगतात, ‘हे बघ, हा वळायला लागला तेव्हा तुझं चाक त्याच्या मागच्या चाकाशी होतं. तू शेजारी नव्हताच. पुढच्या रेसला शेवटून सुरू कर.’ विषय संपला. काकांपुढे वाद घालायची कोणाची टाप नाही, ते कोणाच्या बाजूचे नाहीत, आणि निकाल देताना कोण किती फास्ट आहे ते त्यांना माहितीही नसतं. एवढ्या सगळ्या रेटिंगपेक्षा तो एक माणूस भारी पडतो. ज्यांना चार-पाच मित्र जमवता येतात त्यांनी हेच करावं, असा एक घरचा काका शोधा, तो रेसिंगमधला नसला तरी चालेल, नियम पाळायची सवय असलेला पाहिजे.

स्पोर्ट मोडला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा कापला कारण वळणाचा नियम समजावून सांगायचे कष्ट घेतलेले नाहीत, एक कापला कारण रोजच्या रेसमध्ये ठोकणं अजूनही परवडतं. खासगी लॉबीला साडेचार, सेटिंग एवढ्या आहेत की पाहिजे तशी रेस बनवता येते.

विकत घेताना एवढं बघा. पीएस ५ च्या डिस्कची किंमत लाँचला ४,९९९ रुपये होती, आता सेलमध्ये बरीच खाली येते, सेकंडहँड डिस्क जळगावच्या गोलाणी मार्केटकडे विचारून बघा. ऑनलाइनसाठी पीएस प्लस हे प्लेस्टेशनचं पैसे भरायचं सबस्क्रिप्शन वेगळं लागतं, ते आधी धरा हिशोबात. स्टिअरिंग व्हील लगेच घेऊ नका, कंट्रोलरवर एसआर एस आरामात होतो, उलट व्हील नवीन असताना गाडी जास्त डोलते आणि शेजारच्याला लागते. व्हील घ्यायचंच असेल तर आधी टेबल मजबूत करा, आमच्या एकाने प्लायवुडच्या कॉम्प्युटर टेबलला लावलं आणि पहिल्याच संध्याकाळी टेबलाची फळी हातात आली.